कुंडीच्या काठावरची सालं

१

लिंबाच्या कुंडीला पाणी हवं की नको, हे तिलाच विचारावं लागतं. वरची माती फसवते. बोटाचं पेर वाकवून कुंडीच्या पोटावर हलकेच ठोकायचं. घंटेसारखा स्वच्छ नाद आला की समजावं, तहानलीय. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा बद्द आवाज आला, की तिचं पोट भरलेलं. पुढच्या कुंडीकडे वळावं.

झेलिंदा लग्न होऊन या टेकडीवर आली, तेव्हा सासऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं होतं. तेव्हापासून तिची हिवाळ्यातली सकाळ ठरलेली. आधी चर्चमध्ये मिस्सा, मग घरी येऊन चुलीत लाकूड सारणं, मग कमरेच्या जुडग्यातली मोठी किल्ली काढून लिंबूघर उघडणं.

लिंबूघर म्हणजे मालकीणबाईंच्या व्हिलाच्या बागेतली एक लांबच लांब खोली. दक्षिणेला उंच खिडक्या, उत्तरेला जाड भिंत आणि तिच्यात एक जुनं, सहसा न उघडणारं दार, खाली तुडवून घट्ट झालेली माती. ऑक्टोबरात संत लूकाचा सण आला की कमरेएवढाल्या कुंड्या दांड्यांना बांधून आत आणायच्या, मे उजाडला की बाहेर काढायच्या. मधले महिने झाडं आत उभ्या-उभ्या झोपतात. मालकीणबाई फ्लोरेन्सला असायच्या. उन्हाळ्यात येऊन फुलं हुंगायच्या आणि परत जायच्या. बाकीचं वर्षभर ही झाडं झेलिंदाची आणि तिच्या नवऱ्याची, ओरेस्तेची.

खत लुपिनीच्या दाण्यांचं. दाणे दिसायला कडव्या वालासारखे, चपटे आणि पिवळे. पण वाल यांच्यापुढे साखर म्हणावा असा यांचा कडवटपणा. ते आधी उकळून मारायचे, नाहीतर कुंडीतच रुजतात आणि झाडाच्या तोंडचं खातात. मग बोटभर खोल मातीत पुरायचे. कुजता कुजता ते झाडाला महिनाभर पुरतात. मे महिन्यापासून हे चालायचं ते ऑगस्टात मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत. त्यानंतर बंद.

"झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबू नये," ओरेस्ते म्हणायचा. "लिंबू ते लिंबू, आणि माणूस तो माणूस. दोघंही गुदमरतात."

झेलिंदाला हे त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्या हिवाळ्यात दर शुक्रवारी ती एका कुंडीत लुपिनी पुरत होती.

२

ती कुंडी लिव्हियोची होती. लिव्हियो म्हणजे झेलिंदाचा एकुलता मुलगा, आणि ते झाड त्याने स्वतः कलम करून वाढवलेलं. कलम बांधताना चाकू सटकला आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं. रक्त कुंडीत ठिबकत होतं आणि पोरगा हसत होता. "आई, बघ, पहिलं खत घातलं. आता हे झाड माझं बोट खाऊन वाढणार." जखम भरली, टोक गुळगुळीत झालं, बोट तेवढं आखूड राहिलं. झाड मात्र असं फोफावलं, की मालकीणबाई पाहुण्यांना मुद्दाम त्याच्यापाशी नेऊ लागल्या.

मग लढाई आली. लग्नाला महिनाही झाला नव्हता, तोच लिव्हियोला रशियात धाडलं.

युद्ध संपलं. कैदेतून सुटलेल्यांच्या गाड्या आल्या, थांबल्या, रिकाम्या झाल्या. प्रत्येक गाडीला झेलिंदा लुक्काच्या स्टेशनावर उभी होती. शेवटच्या गाडीतून गावातला नेल्लो उतरला. त्याला तिने घरी आणलं, जेवू घातलं आणि विचारलं.

नेल्लो पावाचा तुकडा मुठीत धरून बोलत होता. "माघार घेताना बर्फातून चालत होतो, काकू. खायला काही नव्हतं. आम्ही कमरेचे पट्टे उकळून खाल्ले. लिव्हियो एका झाडाखाली बसला. म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.' हसला आपला. म्हणाला, 'आईच्या हातच्या ओंजळभर लुपिनी मिळाल्या असत्या, तर घरापर्यंत पळत गेलो असतो.'"

"मग?"

"मग आम्ही पुढे गेलो."

त्या दिवशी झेलिंदाने मारियामातेपुढे वसा घेतला. तो परत येईस्तोवर स्वतः मीठ खायचं नाही, आणि त्याच्या झाडाला दर शुक्रवारी लुपिनी घालायच्या. झाड जेवलं की तो जेवला. आईच्या मनाचा हिशेब असाच असतो. त्याला कुणी पुरावा मागू नये.

ओरेस्तेने मागितला. "मीठ सोडलंस? आपल्याकडच्या पावात मीठ असतं कधी? मारियामाताही हसली असेल."

"हसू दे. हसली म्हणजे लक्ष आहे तिचं."

"आणि झाड मेलं म्हणजे?"

"नाही मरायचं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता, की ओरेस्ते टोपी डोक्यावर घालून बाहेर निघून गेला.

३

पहिले काही शुक्रवार काही झालं नाही. मग एका सकाळी ती लिव्हियोच्या कुंडीपाशी आली, ठोकायला बोट वाकवलं, आणि तिला काठावर काहीतरी दिसलं.

लुपिनीची सालं होती.

लुपिनी खायची रीत लहान पोरालाही ठाऊक असते. दाणा दातांत धरून चिमटला, की आतला गर तोंडात सटकतो आणि साल बोटांत राहते. सगळे ती साल खाली टाकतात. लिव्हियो टाकत नसे. तो सालं एकात एक बसवायचा, इवल्या टोप्यांची चळत करायचा, आणि जिथे बसला असेल तिथे कडेला मांडून ठेवायचा. सणावारी घर झाडताना झेलिंदाला खिडकीच्या कट्ट्यावर, पायरीवर त्याच्या चळती सापडायच्या, आणि ती त्याला शिव्या घालायची.

काठावर तशाच चळती होत्या. नीट, अंतरा-अंतरावर. तिने माती उकरली. पुरलेल्या दाण्यांपैकी एकही उरला नव्हता.

"उंदीर," ती मोठ्याने म्हणाली. खोलीत आवाज घुमला आणि तिचा तिलाच परका वाटला.

ओरेस्तेने येऊन पाहिलं, एक साल उचलून उजेडात धरली. "उंदीर सोलून खातो होय? तो काय फ्लोरेन्सच्या बड्या घरचा आहे? आणि हे नुसते उकडलेले दाणे आहेत, विषासारखे कडू. डुक्कर तोंडात घेऊन थुंकतं."

तरी त्याने चीजचा तुकडा लावून सापळा ठेवला. पुढच्या शुक्रवारी चीज तसंच होतं, वाळून पिवळं पडलेलं. दाणे गेले होते. चळती वाढल्या होत्या. दाराला कुलूप होतं आणि किल्ली झेलिंदाच्या कमरेला.

त्या दिवसभर एकच विचार तिच्या मनात फिरत राहिला. असलं कडू कोण खाईल? ज्याने कमरेचा पट्टा उकळून खाल्ला आहे, तो खाईल.

त्या विचाराने तिला भीती वाटायला हवी होती. पण चुलीपाशी बसून ती एप्रनआड रडली, ती आपण त्याला कडू खाऊ घातलं म्हणून.

४

लुपिनीचा कडवटपणा काढायला धीर लागतो. दाणे उकळायचे, पोत्यात भरून वाहत्या ओढ्यात दगडाखाली अडकवायचे आणि आठवडाभर पाण्याला त्यांच्यातलं विष नेऊ द्यायचं. मग मिठाच्या पाण्यात मुरवायचे. सणाला अशाच करतात.

झेलिंदा ओढ्यावर पोतं दाबून ठेवत होती, तेव्हा सून कपड्यांचा पिळा घेऊन आली. अर्जिया. लिव्हियोबरोबर तिचा संसार महिनाभराचाही नव्हता, पण त्याच्या मागे सासू-सासऱ्यांना तिनेच सांभाळलं होतं.

"आई, आत्ता कसला सण? लुपिनी कुणासाठी?"

"असाच. एक नेम आहे."

अर्जिया थोडा वेळ कपडे आपटत राहिली. मग पाठ न वळवता म्हणाली, "एजिस्तो पाद्री भेटले होते. म्हणाले, आता लिव्हियोसाठी मिस्सा सांगायला हवी."

"सांगू की. सुखरूप येण्याची."

"मृतांची, आई."

झेलिंदाने पोत्यावर आणखी एक दगड ठेवला.

"कोण आहे?" झेलिंदाने विचारलं. सुनेच्या आवाजात तिला दुसरंही काही ऐकू आलं होतं.

"तोरेल्लो. सुतार, खालच्या पेशा गावातला." अर्जिया आता समोर वळली. थंडीने हात लाल झाले होते. "तुमच्यापासून लपवायचं नव्हतं. मला त्याचा चेहरा आठवत नाही हो, आई. लिव्हियोचा. लग्नाचा फोटो बघून आठवावा लागतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन. पण मग मला सांगा, मी कशाची वाट बघायची?"

ती वाईट पोर नव्हती. झेलिंदाने तिचे गार हात आपल्या एप्रनमध्ये घेतले, चोळले. "थोडं थांब," ती म्हणाली. "तो जेवतोय गं."

अर्जियाने हात काढून घेतले नाहीत. पण ती सासूकडे जशी बघत राहिली, तसं कुणी तापाने बडबडणाऱ्याकडे बघतं.

५

मिठातल्या लुपिनी झेलिंदाने पुरल्या नाहीत. पुरायच्या कशाला? खतासाठी पुरतात. तिने त्या वाडग्यात घालून मातीवर ठेवल्या, वर स्वच्छ फडकं झाकलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आज गोड आहेत हो."

सकाळी वाडगा रिकामा होता. इतका पुसून घेतलेला, की तळाला मिठाचा कणही नव्हता. चळती काठभर गोल मांडल्या होत्या, मारियामातेच्या मूर्तीभोवती मेणबत्त्या लावतात तशा.

तिने नेहमीसारखं कुंडीवर ठोकलं. बद्द आवाज आला. ती पुढच्या कुंडीकडे वळली, आणि मागून ठोक ऐकू आली.

दोन वेळा पेराने, भरभर. मग तळव्याची एक थाप, गाईच्या पाठीवर मारावी तशी.

लिव्हियो असाच ठोकायचा. सासरे चिडायचे, "कुंडी आहे रे ती, म्हैस नव्हे." आणि तो म्हणायचा, "आजोबा, विचारपूस झाली की शाबासकी द्यायची असते."

झेलिंदा वळली नाही. खिडकीच्या काचेवर दंव होतं, त्यातून ऊन पांढुरकं येत होतं, समोर झाडांच्या सावल्या जागच्या जागी होत्या. कुंड्या थंडीने आकसतात, तडकतात, आवाज करतात. हे तिला माहीत होतं. इतक्या वर्षांत कुंडी तडकल्याचा आवाज तिने पुष्कळदा ऐकला होता. तो असा नसतो.

"लिव्हियो?" ती म्हणाली.

ठोक, ठोक. थाप.

आवाज बाहेरून आला नव्हता. कुंडीच्या आतल्या अंगाने, मातीच्या बाजूने आला होता.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिचे गाल तरुणपणीसारखे लाल होते. तिने ओरेस्तेला वाइन ओतून दिली, अर्जियाचे केस विंचरून दिले, आणि त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं तेही तिला दिसलं नाही.

६

मग झाडाची पानं गळू लागली.

आधी टोकं करपली, तपकिरी झाली. मग सकाळी दार उघडलं की कुंडीभोवती पानांचा सडा. बाकीची झाडं हिरवीगार, आणि लिव्हियोचं एक भिकाऱ्यासारखं उघडं. झेलिंदा पानं वेचून एप्रनमध्ये भरायची आणि चुलीत घालायची, ओरेस्तेला दिसू नयेत म्हणून.

पण लिंबवाल्यापासून लिंबू लपत नाही. एका दुपारी तो आत आला, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

मग बाजूला थुंकला. "मीठ."

झेलिंदा खाली पडलेलं एक पान उचलू लागली.

"लिंबाला मीठ घातलंस, झेलिंदा. शेजाऱ्याचं शेत मारायचं असेल तर माणसं घालतात, ते तू आपल्या पोराच्या झाडाला घातलंस."

"झाडाला नाही रे घातलं. वाडग्यात ठेवलं होतं. सांडत असेल थोडं."

"मग कुणाला घातलंस?"

तिने सांगितलं. सालं, चळती, ठोक, सगळं. ओरेस्ते ऐकत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू म्हातारा होत होता. त्याने जाऊन लिव्हियोच्या कुंडीवर ठोकलं. बद्द आवाज आला. बाकी काही नाही. तो थांबून राहिला, ती थांबून राहिली. काही नाही.

"बघ," तो हळुवारपणे म्हणाला. "चल, पाणी आण. मीठ धुऊन काढू. धुतलं तर जगेल."

दोघांनी विहिरीवरून बादल्या आणल्या. मीठ धुवायचं म्हणजे वरून पाणी ओतत राहायचं, खालच्या भोकातून ते मिठासकट वाहून जातं. ओरेस्ते ओतत राहिला. झेलिंदा भोकापाशी गुडघे टेकून बघत राहिली. बादल्यांमागून बादल्या त्या मातीत गेल्या. खालून थेंब आला नाही. भोक बुजलं असेल म्हणून ओरेस्तेने काठी घातली. काठी सहज आत गेली, कोपरभर, मग त्याचा हात भोकाला टेकला तरी पुढे पोकळच होतं. काठी त्याने बाहेर काढली तेव्हा ती कोरडी होती.

त्याने कुंडीवर पुन्हा ठोकलं.

स्वच्छ, घंटेसारखा नाद आला. तहानलेली.

ओरेस्तेने बादली खाली ठेवली. "हे झाड गेलं," तो म्हणाला. "मे महिन्यात कुंडी बाहेर काढू आणि फोडू. तोवर तू इथे येऊ नकोस. पाण्याचं मी बघेन." आणि जाता जाता, तिच्याकडे न पाहता, "किल्ली दे."

तिने दिली. ती नवऱ्याशी कधी खोटं वागली नव्हती. म्हणून उत्तरेच्या भिंतीतल्या जुन्या दाराची किल्ली द्यायची राहून गेली, हे तिने पुढच्याच रविवारी पाद्रींपुढे पापाच्या कबुलीत सांगितलं.

७

आता तिचं मन दोन्हीकडून कात्रीत सापडलं. झाड जेवलं की तो जेवला, असा वसा. पण जेवायला घालावं तर झाड मरतं. झाड मेलं तर तो कुठून येईल? आणि घालू नये, तर जो बर्फातून इथवर आला, तो आईच्या दारात उपाशी.

मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी, चर्चमध्ये मेणबत्त्या आशीर्वादून वाटतात. आमच्याकडे म्हणतात, मेणबत्त्यांचा सण आला की हिवाळ्यातून बाहेर पडलो. झेलिंदाने आपली मेणबत्ती शालीखाली धरली आणि दिवस कलताना घरी न जाता मागच्या दाराने लिंबूघरात शिरली. एका खिशात लुपिनी होत्या. मिठाशिवायच्या. तिला हा मधला मार्ग सुचला होता आणि त्याचा तिला केवढा आधार वाटत होता.

तिने मेणबत्ती लावली नाही. खिडक्यांतून अजून करडा उजेड येत होता. ती लिव्हियोच्या कुंडीपाशी उकिडवी बसली, ओंजळभर दाणे तळव्यावर घेतले आणि तळवा काठावर टेकवला.

"एकदा दिसू दे," ती म्हणाली. "एकदाच. मग मी कुणाला काही विचारणार नाही. सुनेला थांब म्हणून सांगेन, नाहीतर जा म्हणून सांगेन. पण मला कळू दे."

झाडाच्या उघड्या खोडामागे अंधार होता, माणसाच्या मनगटाएवढ्या खोडामागे मावेल त्याहून जास्त अंधार. त्यातून एक हात आला.

तो मातीच्या रंगाचा होता. नखं काळी होती. तो घाईने आला नाही. चर्चमध्ये गरीब माणूस दानाची नाणी घेतो तसा, मान खाली घातल्यासारखा आला आणि त्याने एक दाणा उचलला. झेलिंदाचे डोळे त्याच्या तर्जनीवर खिळले.

बोट पुरं होतं. टोकापर्यंत, नखासकट.

फार सावकाश, परक्या मुलाला समजावतात तसं ती म्हणाली, "तू माझा नाहीस, बाळा. माझ्या लिव्हियोचं हे बोट आखूड आहे." आणि तिने दुसऱ्या हाताची तर्जनी वर करून, पहिल्या पेरावर अंगठा टेकवून दाखवलं. "एवढंसं."

हात दाण्यासह मागे गेला.

मग शेजारच्या कुंडीतून आवाज आला. ठोक, ठोक. थाप.

त्याच्या पलीकडच्या कुंडीतून. ठोक, ठोक. थाप. मग समोरच्या ओळीतून. मग खोलीच्या पार टोकाहून, जिथे जुनी मोसंबी ठेवलेली असायची. सगळ्यांची ठोक एकच. सगळ्यांना तिच्या मुलाची ठोक येत होती. ज्याला ती येते त्याला इथे जेवायला मिळतं, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

८

अर्जियाला ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मिस्सा सांग. मृतांची."

अर्जिया हातातलं पीठ तसंच घेऊन उभी राहिली. "आई?"

"आणि एकट्या लिव्हियोची नको. गावातून गेलेल्या सगळ्यांची नावं घ्यायला सांग. आसपासच्या गावांतल्यांचीही. पाद्री कुरकुरले तर म्हणावं, झेलिंदा म्हणते. आणि त्या सुताराला जेवायला बोलाव. आधी जेवताना बघू कसा आहे. अन्नाला नावं ठेवत असेल तर नाही म्हण."

अर्जिया रडत रडत हसली. ओरेस्तेने त्या संध्याकाळी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, आजार उतरला.

तिलाही काही दिवस तसंच वाटलं. पण रात्री अंथरुणात पडली की एकच हिशेब डोक्यात फिरायचा. एवढ्या कुंड्या. तिने पाहिला तो एकच हात. बाकीच्या कुंड्यांत कोण आहे, हे तिने कुठे पाहिलं होतं? एखाद्या कुंडीत, अगदी मागच्या, भिंतीलगतच्या कुंडीत, लिव्हियो असला तर? तो लहानपणापासून तसाच. जेवणाच्या पंगतीत बाकीच्या पोरांना पुढे करायचा. 'तुम्ही व्हा पुढे, मी आलोच.'

त्या आशेला ती काय करणार? तिने ती मारियामातेकडून मागूनच घेतली होती.

शुक्रवारी दुपारी ओरेस्ते अर्जियाला घेऊन खाली पेशा गावात उतरला. झेलिंदाने ओढ्यातलं पोतं काढलं, मोठं घमेलं भरून घेतलं आणि मागचं दार उघडलं.

आत ऊब होती. खिडक्यांतून ऊन येत होतं, पण या वेळी तिने डोळे मिटून घेतले. बघायचं नव्हतं. बघितलं तर हात बिचकतील, आणि तिलाही आता बघवणार नव्हतं. चाचपून कळणार होतं.

पहिल्या कुंडीच्या काठावर तिने भरला तळवा टेकवला. गार बोटं आली. तिने हलकेच त्यांची तर्जनी चिमटीत धरली.

ती आखूड होती.

"लिव्हियो," ती पुटपुटली, आणि तिचा अंगठा बोटाच्या टोकावर फिरला. लिव्हियोचं टोक गुळगुळीत होतं, जुनं, भरलेलं. हे ओलं होतं. खडबडीत होतं. दातांनी तोडलेल्या दोऱ्यासारखं.

तिने हात सोडून दिला. दाणे त्याला दिले.

दुसऱ्या कुंडीपाशी आलेलं बोटही आखूड होतं. आणि ओलं. तिसऱ्यातलंही. ती ओळीने जात राहिली, डोळे मिटून, एका हाताने घमेलं कमरेला धरून. आणि प्रत्येक कुंडीतून आलेला हात तिच्या चिमटीत आपलं आखूड बोट स्वतःहून ठेवत होता, नेमकं तिने दाखवलं होतं तेवढंच आखूड, आणि शाळेत मूल पाटी दाखवून थांबतं तसा थांबत होता. कुणालाही ती नाही म्हणाली नाही. त्यांच्या आया कुठल्या तरी स्टेशनावर उभ्या असतील, असं तिच्या मनात येत होतं. घमेलं हलकं होत गेलं. तिच्या बोटांना काहीतरी लागून चिकट झालं होतं आणि ते लुपिनीचं पाणी नव्हतं.

लिव्हियोची कुंडी तिने शेवटी ठेवली होती. तिथे पोचली तेव्हा पायाखाली वाळकी पानं चुरचुरली. घमेल्यात ओंजळभर दाणे उरले होते. ते तिने तळव्यावर घेतले, तळवा काठावर टेकवला.

हात आला.

तिचा अंगठा त्याच्याकडे सरकला आणि वाटेत थांबला. हे बोट तिने चाचपलं नाही. गुळगुळीत असेल की ओलं, तिला माहीत करून घ्यायचं नव्हतं. जोवर चाचपलं नाही, तोवर हा तिचा होता.

"खा, बाळा," झेलिंदा म्हणाली.

दाणे तिच्या तळव्यावर तसेच राहिले. त्या हाताने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. तो तिच्या तळव्यावरून पुढे सरकला, तिची तर्जनी शोधली, आणि तान्हं मूल आईचं बोट धरतं तशी ती घट्ट धरली. मग हळूहळू, फार मायेने, ती खाली मातीकडे ओढू लागला.